गोंगाटात साधा विश्वास कसा जपावा : एका निवृत्त सिस्टरची वही

मिरजेच्या मंडईत मला आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एक काकू भेटल्या. मी सवयीने विचारलं, "आई कशा आहेत आता? ऑपरेशन झालं ना?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आई गेल्या की, सिस्टर. चौदा दिवस झाले. ग्रुपवर तुम्ही हात जोडले होते."

घरी येऊन मोबाईल उघडला. ऑपरेशनसाठी प्रार्थनेची विनंती आली होती आणि तिच्याखाली मिनिटाच्या आत माझं उत्तर होतं, "नक्की प्रार्थना करते." चार दिवसांनी निधनाची बातमी, तिच्याखाली माझे जोडलेले हात. या दोन्हींच्या मध्ये मी त्या बाईसाठी एकदाही प्रार्थना केली नव्हती. दुसरी बातमी तर मी वाचलीच नव्हती. बाकीच्यांनी हात जोडलेले दिसले, मीही जोडले.

तेव्हा मी अकरा ग्रुपमध्ये होते आणि त्यातले सात प्रार्थनेचे होते.

आपण सगळे जगाच्या गोंगाटाबद्दल बोलतो. आमच्याकडे सांगली-मिरजेत गोंगाट म्हटलं की डॉल्बी. पण डॉल्बी दोन-तीन तासांनी थांबतो. माझ्या डोक्यातला गोंगाट थांबत नव्हता आणि त्याचे कपडे धार्मिक होते : बायबलमधल्या वचनांचे फोटो, प्रवचनांच्या क्लिपा, साखळी उपास, शेवटच्या काळाची भाकितं, "हा संदेश सात जणांना पाठवा". ख्रिस्ती माणसाला साधेपणाने जगायचं असेल तर टीव्हीच्या आधी हे आवरावं लागतं, असं माझं मत झालं आहे. दीड-दोन वर्षांत मी काय केलं, काय जमलं आणि काय फसलं, ते पायरीपायरीने लिहिते.

पहिले आठ दिवस काहीही बदलू नका

दवाखान्यात ताप मोजल्याशिवाय आम्ही नर्स औषध देत नव्हतो. तसंच इथे. एक साधी चाळीस पानी वही घ्या आणि पानावर तीन रकाने पाडा. पहिल्यात वेळ, दुसऱ्यात काय पाहिलं किंवा ऐकलं, तिसऱ्यात ते संपल्यावर मन कसं होतं. धार्मिक गोष्टीही लिहायच्या, किंबहुना त्या आधी. माझ्या वहीतली एक सकाळ अशी आहे : पहाटे ५.२०, वचनाचा फोटो, सहा जणांकडून एकच. ५.३५, परदेशातल्या एका उपदेशकाची डब केलेली क्लिप, मन तापलं. ५.५०, सोन्याचा भाव. ६.०५, परत क्लिप, आता दुसरा उपदेशक पहिल्याला खोटा ठरवतोय. ६.४०, दूध उतू गेलं.

रोज रात्री ते पान वाचा आणि सकाळी पाहिलेल्यातलं काय आठवतंय ते बघा. सहा जणांनी पाठवलेलं ते वचन कोणतं होतं, हे मला त्याच रात्री सांगता आलं नाही. मन खजील होतं, होऊ द्या. आठव्या दिवशी प्रत्येक नोंदीपुढे खूण करा : ठेवायचं, कमी करायचं, सोडायचं. एकदम सगळं सोडायला जाऊ नका. आमच्या मंडळीतल्या एका भावाने रागाच्या भरात मोबाईलच विकला. पंधरा दिवसांनी मुलीच्या शाळेचे निरोप येईनात म्हणून दुसरा घेतला, आधीच्यापेक्षा मोठा.

मोबाईलची व्यवस्था

हे काम अर्ध्या तासाचं आहे, घरातल्या एखाद्या पोराला हाताशी घ्या. व्हॉट्सॲपमध्ये ग्रुपच्या नावावर बोट दाबून धरलं की वर आवाज बंद करायची खूण येते, तिथे "नेहमीसाठी" निवडा. मग तोच ग्रुप आर्काइव्हमध्ये टाका. सेटिंग्जमध्ये स्टोरेज आणि डेटा या भागात जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. यूट्यूबचं ऑटोप्ले आणि नोटिफिकेशन बंद करा. ज्या ग्रुपातून बाहेरच पडायचं आहे तिथे गुपचूप पडू नका. आपल्या मंडळ्या लहान, लगेच चर्चा होते की सिस्टर रुसल्या वाटतं. मी एवढंच लिहिलं, "माझ्याच्याने इतकं वाचून होत नाही. कुणाला माझ्या प्रार्थनेची गरज असली तर फोन करा, मी येईन." दोघी नाराज झाल्या. तिघींनी मात्र खरंच फोन केले.

एक घड्याळ घ्या, गजराचं, टेबलावर ठेवायचं. गजरासाठी मोबाईल उशाशी ठेवला की पहाटेचा पहिला शब्द देवाचा राहत नाही. रात्री मोबाईल स्वयंपाकघरातल्या फडताळात चार्जिंगला लावायचा. घरात आजारी माणूस असेल, मुलं परगावी असतील, तर रिंग चालू ठेवा आणि डेटा बंद करा. अडीअडचणीचा फोन त्याने चुकत नाही.

आणि जोडलेल्या हातांबद्दल मी स्वतःला एक नियम घातला आहे. प्रार्थनेची विनंती वाचली की आधी तिथेच, उभ्या उभ्या, नाव घेऊन प्रार्थना करायची. मगच उत्तर. वेळ नसेल तर उत्तरही नाही.

दार असलेली खोली

मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, सहाव्या अध्यायात प्रभू येशू म्हणतो की प्रार्थना करताना खोलीत जा आणि दार लावून घे. तिथल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कोठीची खोली, धान्य-सामान ठेवायची जागा असाही होतो. मला हे फार आवडतं. कारण आमच्या घरात प्रार्थनेसाठी वेगळी खोली कुठून येणार? दोन खोल्या, पाच माणसं, सुनेचं घरून काम. पण कोठीसारखा कोपरा प्रत्येक घरात असतो. माझा कोपरा मागच्या गॅलरीत, वॉशिंग मशीन आणि तांदळाच्या पिंपाच्या मधे आहे. तिथे एक प्लास्टिकचं स्टूल, छापील बायबल, वही, पेन आणि चष्मा कायम असतो. चष्मा शोधायला उठलं की परत बसणं होत नाही, म्हणून तिथला चष्मा तिथलाच.

वेळ ठरवताना पहाटेचा हट्ट धरू नका. मार्काच्या पहिल्या अध्यायात प्रभू अंधार असतानाच उठून एकांतात गेला हे खरं. पण मी तेहतीस वर्षं शिफ्ट केल्या आहेत. नाइट करून आलेल्या बाईला पहाटे पाचला गुडघ्यावर बसा म्हणणं क्रूर आहे. तिची वेळ सकाळी दहाची असेल. कुपवाडच्या कारखान्यात जाणाऱ्याची जेवणाच्या सुट्टीतली, तासगावच्या द्राक्षबागेत फवारणीला जाणाऱ्याची संध्याकाळची असेल. वेळ कोणतीही, पण ठरलेली हवी. त्याच उताऱ्यात पुढे काय होतं ते बघा : शिमोन आणि बाकीचे शिष्य शोधत येतात आणि म्हणतात, सगळे तुम्हाला शोधताहेत. म्हणजे प्रभूच्या एकांतावरही निरोप येत होते. तो उठला, पण शोधणाऱ्यांनी बोलावलं तिकडे गेला नाही. जवळच्या दुसऱ्या गावांना गेला. एकांतात त्याचं काय ठरलं असेल ते यावरून कळतं.

पंधरा मिनिटांत काय करायचं? माझी पद्धत अशी. पहिली दोन मिनिटं नुसतं बसायचं, पाय जमिनीला टेकवून. मग ठरलेला उतारा मोठ्याने वाचायचा, निदान स्वतःला ऐकू येईल इतका. दहा-बारा ओव्या पुरतात. (जुन्या सवयीने मी ओव्या म्हणते, तुम्ही वचनं म्हणा.) तोच उतारा परत एकदा, आणखी हळू. जिथे मन अडकेल तो शब्द वहीत उतरवायचा. एकच. त्यावर स्वतःचं प्रवचन लिहायचं नाही. मग प्रार्थना : आधी उपकार, मग चूक, मग लोकांची नावं, शेवटी स्वतःचं मागणं. प्रभूने शिकवलेली "हे आमच्या स्वर्गातील पित्या" ही प्रभूची प्रार्थना अगदी शेवटी, सावकाश.

मन भटकणार. गॅस बुक करायचाय, विजेचं बिल, नातीची फी. यावर भांडू नका. शेजारी चिठ्ठीचा कागद ठेवा, "गॅस" एवढं लिहा आणि परत फिरा. पहिल्या महिन्यात माझी चिठ्ठी वहीपेक्षा जास्त भरायची.

मोबाईलमधलं बायबल वाईट असं मी म्हणत नाही. डोळ्यांना दिसत नाही, वाचता येत नाही अशांना ऐकायचं बायबल म्हणजे मोठी सोय आहे. माझ्या सासूबाईंनी शेवटची दोन वर्षं तसंच ऐकलं. पण ज्याला छापील वाचता येतं त्याने निदान या पंधरा मिनिटांत कागदच धरावा. बायबल वाचता वाचता बँकेचा मेसेज वर सरकत येतो, आणि मन कुणाच्या मागे जातं ते आपल्याला ठाऊक आहे.

वाचायचं काय

इथे बहुतेक जण अडखळतात. जानेवारीत बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, उत्साहाने सुरुवात, फेब्रुवारीत तिसऱ्या, लेवीयच्या, अर्पणांमध्ये अडकणं, मार्चमध्ये बंद. वर्षात संपूर्ण बायबल वाचायच्या योजना चांगल्या आहेत, पण मन विखुरलेलं असताना त्या आणखी एक हजेरीपट बनतात. त्यापेक्षा थोडं आणि परत परत.

मी सुचवेन की सुरुवात येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने करा. मत्तय ५, ६ आणि ७, तीन अध्याय, एकशे अकरा वचनं. रोज दहा-अकरा घेतली तर दहा दिवस. मग पुन्हा पहिल्यापासून. तीन वेळा झालं की महिना होतो आणि तोवर बराचसा भाग तोंडी बसलेला असतो. हे सुचवण्यामागे आपल्याच भागातल्या एका माणसाची आठवण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९३ मध्ये आगगाडीने राजनांदगावला जात होते. डब्यातल्या एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, दिला. टिळक वाचत डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि तिथून त्यांना हलवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी नंतर लिहिलेली गीतं आपण आजही रविवारी म्हणतो. शेवटी मिशनचं काम सोडून ते साताऱ्यात राहिले आणि १९१७ मध्ये तिथे त्यांनी "देवाचा दरबार" सुरू केला : पंथांच्या भिंती बाजूला ठेवून, आपल्या मातीच्या रीतीने येशूभोवती जमणाऱ्या माणसांचा मेळा. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले. अफाट वाचलेल्या त्या कवीला ज्याने धरून ठेवलं ते तीन अध्याय आहेत. आपल्याला निदान महिनाभर पुरायला हरकत नाही.

त्यानंतर मार्क, सोळा अध्याय, सगळ्यात लहान शुभवर्तमान. मग स्तोत्र १२० ते १३४, ही पंधरा वर चढण्याची स्तोत्रं, यरुशलेमच्या वाटेवर म्हणायची. बहुतेक इतकी छोटी की पोळ्या लाटता लाटता पाठ होतात. त्यातलं १३१वं तर तीनच वचनांचं आहे : दूध सुटलेलं मूल आईजवळ जसं शांत असतं तसा माझा जीव आहे. मी लहान मुलांच्या वॉर्डात काम केलं आहे म्हणून सांगते, दूध पिणारं मूल आईजवळ शांत नसतं, ते काहीतरी शोधत असतं. दूध सुटलेलं मूल नुसतं टेकून बसतं. ज्याने हे लिहिलं त्याने मुलांकडे नीट पाहिलं होतं.

मिरजेचा तंबोरा

आमच्या मिरजेत सतार आणि तंबोरे बनवणाऱ्यांची जुनी घराणी आहेत. मूळची ही शिकलगार मंडळी, म्हणजे शस्त्रं घडवणारी, धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात त्यांनी तंतुवाद्यं करायला घेतली. तलवारींचे नांगराचे फाळ होतील असं बायबलमधल्या यशया संदेष्ट्याने सांगितलं, इथे तलवारवाल्यांनी तंबोरे केले. त्या दुकानांसमोरून जाताना मी बरेचदा थांबते. बाहेर रिक्षांचे हॉर्न, समोर टपरीवर गाणी, आणि आत एक माणूस कान लावून घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली बारीक दोरा सरकवतो. जवारी लावतो म्हणतात याला. तो बाहेरच्या आवाजाला गप्प करत नाही. त्याला एकच स्वर ऐकायचा असतो.

दिवसभरासाठी तसा एक स्वर ठरवा. जकातदाराची प्रार्थना घ्या, "देवा, मज पाप्यावर दया कर", किंवा आंधळ्या बार्तीमयाची हाक, "येशू, माझ्यावर दया कर". जिना चढताना, लसूण सोलताना, एसटीची वाट बघताना, रांगेत. मोजायची नाही. कुणी म्हणेल की प्रभूने तर पोकळ बडबड करू नका असं सांगितलं आहे. बरोबर. देवाने ऐकावं म्हणून शब्दांचा ढीग करणं ती बडबड. मला कुठे बसले आहे ते आठवावं म्हणून मी म्हणते. फरक आपला आपल्याला कळतो. तोंड चालू आणि डोळे दुसऱ्याच्या पिशवीत असले, की समजावं बडबड झाली.

घरात : भोंगा आधी मोठ्यांसाठी

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२च्या स्वातंत्र्यदिनापासून त्या गावाने ठरवलं की रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि दीड तास टीव्ही, मोबाईल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं. साडेआठला दुसरा भोंगा. लॉकडाउनमध्ये मुलांच्या हातात फोन गेले ते सुटेनात, त्यातून हे निघालं. बातमी वाचून मला आमची लाज वाटली. अख्खं गाव जे करतं ते पाच माणसांच्या ख्रिस्ती घराला जमत नव्हतं, आणि आम्ही दारावर "या घराचा धनी ख्रिस्त आहे" अशी पाटी लावली होती.

आम्ही साडेसातची वेळ घेतली, वीस मिनिटं. पहिला आठवडा पूर्ण फसला, कारण मुलगा ऑफिसचा फोन "फक्त हा एक" म्हणून घ्यायचा आणि नात ते बघायची. मग नियम उलटा केला : फोन आधी आजोबांचा, मग माझा, मग मुलगा-सुनेचा, सगळ्यात शेवटी नातीचा टोपलीत जाईल. तिने टोपलीचा ताबा घेतला आणि प्रश्न मिटला. कायदा मोठ्यांना लागू झालेला मुलांना फार आवडतो.

वीस मिनिटांत एक गीत, पुस्तकातून, सगळी कडवी. एक छोटा उतारा, आळीपाळीने वाचायचा. मग प्रत्येकाने दिवसातली एक गोष्ट सांगायची, आणि दोन वाक्यांची प्रार्थना. लांबवू नका. आणि हात जोडून विनंती, कौटुंबिक प्रार्थनेत मुलांना बोलणी बसवू नका. "हे प्रभू, आमच्या या लेकराला अभ्यासाची बुद्धी दे, त्याला उलट बोलायची सवय लागली आहे" ही प्रार्थना नव्हे, डोळे मिटून केलेली तक्रार आहे. पोरं तेवढी हुशार असतात.

उपदेशकांची गर्दी

हे मी जरा कडक लिहिणार आहे, कारण याचा परिणाम मी वॉर्डात पाहिला आहे. साखरेची एक बाई बेशुद्ध होऊन आली. मोबाईलवरच्या कुठल्याशा सभेत "औषधं टाकून द्या, विश्वास धरा" असं ऐकून तिने इन्सुलिन बंद केलं होतं. वाचली, पण पायाचं बोट गेलं. कुणाच्याही सांगण्यावरून, कितीही वचनं जोडून सांगितलं तरी, साखरेची, बीपीची, फिट्सची, मनाच्या आजाराची औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. मिरजेत तर विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशनचं रुग्णालय उभं केलं. प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एकाच छपराखाली असतात हे या गावाच्या ख्रिस्ती माणसांना शिकवायची गरज पडू नये.

उपदेशक ऐकायचेच असतील तर एक निवडा, दोन निवडा, आणि चार प्रश्न विचारा. हा माणूस ज्या मंडळीत आहे तिथे त्याला जाब विचारणारं कुणी आहे का? तो सांगतो ते वचन मागच्या-पुढच्या ओळींसकट वाचलं तर तोच अर्थ निघतो का? बिरुया गावातले लोक तर प्रेषित पौलाचंही बोलणं शास्त्राशी ताडून बघत होते, प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये आहे. पैशाचा विषय किती मिनिटांनी येतो? आणि ऐकून उठल्यावर मी शेजाऱ्याशी कशी वागते? चौथा प्रश्न मला सगळ्यात उपयोगी पडला. काही प्रवचनं ऐकली की मला बायबल उघडावंसं वाटायचं, काही ऐकली की कुणाशी तरी भांडावंसं. दुसऱ्या प्रकारची मी सोडली, त्यातली काही बरोबर होती तरी.

आपल्या विश्वासाबद्दल कुणी कडवट लिहिलेलं फिरत येतं, तेव्हाही हेच. रात्री उत्तर देऊ नका. खरं तर मोबाईलवर देऊच नका. पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला सांगितलं की शांतपणे राहा, आपापला व्यवसाय करा, आपल्या हातांनी काम करा. जिन्यावर भेटणाऱ्या माणसाला आपल्याबद्दल काय वाटतं ते तेवढ्यानेच ठरतं.

रविवार

यावर फार लिहीत नाही. एकाच मंडळीत जा, चुका असल्या तरी. दहा मिनिटं आधी जाऊन बसा. मोबाईल घरी ठेवा. उपासनेचं शूटिंग ज्यांना करायचं त्यांना करू द्या, तुम्ही गीताचं पुस्तक धरा. मंडळीच्या वडीलधाऱ्यांना गोडीत सांगून बघा की प्रार्थनेत तो माईकचा इको जरा कमी करा. आमच्याकडे सांगितलं, अजून कमी झालेला नाही.

रात्रीचा ओव्हर

ड्यूटी संपताना आम्ही पुढच्या सिस्टरला ओव्हर द्यायचो. बेड नंबर तीन, ताप उतरला. बेड पाच, सलाईन सकाळपर्यंत. बेड नऊ, बाई घाबरलेली आहे, लक्ष ठेव. मग केसपेपर ठेवायचा आणि निघायचं. नवी पोरगी असली की घरी जाऊनही बेड नऊची काळजी करत बसायची. जुन्या मेट्रन म्हणायच्या, "ओव्हर दिलास ना? मग वॉर्ड आता तिचा."

निवृत्त झाल्यावर मी रात्री प्रभूला ओव्हर द्यायला लागले. पाच मिनिटं, अंथरुणात बसून. आज हे झालं. हे माझ्याकडून चुकलं. हे अर्धवट राहिलं. हा माणूस घाबरलेला आहे. मग दिवा बंद. माझ्या सगळ्या पायऱ्यांमधली हीच एक जिने कधी दगा दिला नाही. तुम्हाला या लेखातलं एकच काही करायचं असेल तर हे करा. याला वही लागत नाही, कोपरा लागत नाही.

कोरडे दिवस

ते येतात. लग्नसराई, आजारपण, ऊस तुटायचा हंगाम, परीक्षा, सगळं विस्कटतं. तेव्हा पंधरा मिनिटांची तीन करा : एक स्तोत्र, प्रभूची प्रार्थना, बस. चुकलेले दिवस भरून काढू नका, तो हिशेब कुणी मागितलेला नाही.

कधी कारण काहीच नसतं आणि तरी आत काही हलत नाही. तेव्हा मी बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय काढते. एलिया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत झोपला आहे. देवदूत येतो, आणि उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं देतो. तो खातो, परत झोपतो. देवदूत परत उठवून परत खायला घालतो. वारा, भूकंप, अग्नी आणि त्यानंतरचा तो मंद शांत स्वर हे सगळं नंतर आहे, आधी दोन जेवणं आणि दोन झोपा. थकलेल्या माणसाने आधी झोपावं. आणि दोन-तीन आठवडे झोप नाही, भूक नाही, रडू येतं असं असेल तर चर्चच्या पाळकसाहेबांशी बोला आणि डॉक्टरांकडेही जा. दोन्ही.

येशूला आपल्या घरी उतरवून घेणाऱ्या मार्थेबद्दल एक सांगायचं राहिलं. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू तिला स्वयंपाक केला म्हणून बोलत नाही. तिची ओढाताण झाली होती, पुष्कळ गोष्टींसाठी, ते तो सांगतो. भाकरी तर त्यालाही खायची होती. म्हणून हे सगळं आवरल्यावर जो वेळ मोकळा होतो तो पुन्हा वाचनानेच भरू नका. एक घर निवडा, एकच, आणि तिथे जात राहा.

मी त्या काकूंच्या घरी गेले. मंडईत भेटलो त्याच्या दुसऱ्या दिवशी जायला हवं होतं, पण लाज वाटत होती, तीन आठवडे लागले. मोबाईल घरी ठेवला होता. त्या भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या, मीही पुढ्यात सूप ओढलं. माफी मागितली. त्या काही बोलल्या नाहीत. मग आईंचं सांगू लागल्या, ऑपरेशनच्या आदल्या रात्री त्यांनी कोणतं गीत म्हणायला लावलं ते, आणि तिसरं कडवं कुणालाच येईना तेव्हा त्या कशा चिडल्या ते. ते कडवं मला येत होतं. आम्ही दोघींनी म्हटलं. सूप भरलं तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती.

आता गुरुवारी जाते. या गुरुवारी त्यांना पापड लाटायचे आहेत, पोळपाट घेऊन या म्हणाल्यात.